वीणेची तार आणि सोणाच्या वहाणा

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रातील अनेक विहारांतून, वसतिगृहांतून आणि महाविद्यालयांतून सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मुले पहाटे येतात, पुस्तके उघडतात आणि रात्री उशिरापर्यंत बसून राहतात. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, ही आठवण जागविणे हा त्यामागील हेतू होय. ज्या समाजाला अक्षराचा स्पर्श नाकारला गेला त्याने वर्षातील एक दिवस असा ग्रंथांच्या स्वाधीन करावा, यात नावे ठेवण्यासारखे काही नाही. तथापि गेल्या काही दशकांत ह्या अठरा तासांच्या आकड्याला हळूहळू एखाद्या शीलाचे रूप येत चालले आहे, असे आम्हांस दिसते. जो थकला त्याची निष्ठा उणी. जो झोपला त्याने बाबासाहेबांचे उपकार विसरले. जो कार्यकर्ता ‘आज जमणार नाही’ म्हणाला तो गाडा मागे खेचणारा, अशी बोलण्याची रीत पडली आहे. ही रीत तथागतांच्या धम्माला धरून आहे काय, आणि खुद्द बाबासाहेबांच्या जीवनाचा व कार्याचा इतिहास तिला दुजोरा देतो काय, हे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न हवेत मांडण्यापेक्षा एका गावाच्या संदर्भात मांडणे आम्हांस इष्ट वाटते. सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग आणि गोंदियाहून नागभीड-बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग, दोन्ही या गावाला स्पर्श करतात. आज ज्याला आपण गोंदिया जिल्हा म्हणतो तो १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडे आणि १९५६ पर्यंत तो जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता. धान, तलाव आणि जंगल ह्या तीन गोष्टींनी येथील श्रमाचे वर्ष घडविले आहे. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. आणि बारमाही, दिवस उजाडल्यापासून कंदील लावेपर्यंत, मांडीवर सूप घेऊन विडी वळणे. भंडारा-गोंदियाच्या शेकडो गावांत पिढ्यानपिढ्या भूमिहीनांच्या घरांची चूल ह्या सुपावर पेटली.

अशा गावातील आंबेडकरी कार्यकर्त्याचा दिवस कसा असतो? पोटाचे काम संपले की विहाराचे काम सुरू होते. सायंवंदना, मुलांचा वर्ग, जातीच्या दाखल्याचा अर्ज, कोणाच्या घरचे मंगल परिणय तर कोणाच्या घरचा पुण्यानुमोदनाचा विधी, पोलीस ठाण्याची एखादी खेप, जयंतीची वर्गणी. ह्या कामांना सुट्टी नाही आणि मोबदलाही नाही. पाच-सात वर्षे एखादा तरुण जिवाचे रान करतो. मग एके दिवशी तो बैठकीला येईनासा होतो. त्याच्यावर टीका होते, फुटीर म्हणून शिक्का बसतो. बहुतेक वेळा तो फुटलेला नसतो, संपलेला असतो. चळवळीच्या इतिहासात फुटींवर पुष्कळ लिहिले गेले. ह्या संपण्यावर फारसे लिहिले गेलेले नाही.

आता पालि वाङ्‌मयाकडे वळू. विनयपिटकाच्या महावग्गात आणि अंगुत्तर निकायाच्या छक्कनिपातात सोण कोळिविस याची कथा आली आहे. चंपा नगरीचा हा श्रेष्ठिपुत्र इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते असे म्हणत. राजा बिंबिसाराने केवळ ते पाय पाहण्यासाठी त्याला राजगृहाला बोलाविले होते. तेथे त्याने भगवंतांचा उपदेश ऐकला आणि प्रव्रज्या घेतली. पुढे राजगृहानजीकच्या सीतवनात तो चंक्रमण करू लागला. ज्या पायांना जमिनीची सवय नव्हती त्या पायांनी तो असा चालला की चालण्याची वाट रक्ताने माखून गेली. एवढे करूनही चित्त आस्रवांतून मुक्त होईना, तेव्हा त्याच्या मनात विचार आला की भगवंतांच्या उद्योगी शिष्यांपैकी मी एक असूनही मला फळ मिळत नाही. घरी संपत्ती आहे, परत जावे, भोग भोगावे आणि पुण्यही करावे.

ही जागा आम्ही वाचकांना थांबून पाहावयास सांगतो. सोण आळशी नव्हता, अश्रद्ध नव्हता. त्याच्या मनात घरी परतण्याचा विचार आला तो कमी श्रमाने नव्हे, तर अतिश्रमाने. सौंदडच्या विहारातून नाहीशा होणाऱ्या तरुणाची कथा अडीच हजार वर्षांपूर्वी अशी लिहून ठेवली गेली आहे.

तथागतांनी त्याला धिक्कारले नाही. तू गृहस्थ असताना वीणा वाजविण्यात कुशल होतास ना, असे विचारले. तार अतिशय ताणलेली असताना वीणा वाजे काय? नाही. फार सैल असताना? नाही. ताणलेलीही नाही आणि सैलही नाही, अशी सम लावलेली असताना? तेव्हा वाजे. यावरून भगवंतांनी सांगितले की अतिरेकी वीर्य औद्धत्याकडे, म्हणजे चित्ताच्या अस्वस्थतेकडे नेते आणि अतिशिथिल वीर्य आळसाकडे. म्हणून वीर्याची समता ओळखावी आणि पंच इंद्रियांची समताही साधावी. ही पंच इंद्रिये म्हणजे श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा. पुढे बुद्धघोषाचार्यांनी विसुद्धिमग्गात हाच विचार विस्ताराने मांडला: समाधीविना वीर्य बळावले तर चित्त सैरभैर होते, वीर्याविना समाधी बळावली तर माणूस सुस्त होतो, दोन्ही एकमेकांना जोखडात बांधून चालवावी लागतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘सम’ म्हणजे निम्मे नव्हे. तार निम्मी ताणावी असे भगवंतांनी सांगितले नाही, ती सुरात लावावी असे सांगितले. सूर कोठे लागतो हे तारेवर, लाकडावर आणि हवेतील ओलाव्यावर अवलंबून असते. त्यामुळे कोणी किती तास काम करावे याचा एकच आकडा सर्वांसाठी निघू शकत नाही, अठराचाही नाही आणि आठाचाही नाही.

वीणेचा दृष्टांत आपल्याकडे प्रवचनांतून पुष्कळ सांगितला जातो. परंतु महावग्गातील ह्याच कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि आमच्या मते इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. सोणाला पुढे अर्हत्त्व प्राप्त झाले. त्यानंतर भगवंत त्याला म्हणाले की तू सुकुमार आहेस, तुला मी एकपदरी वहाणा वापरण्याची अनुज्ञा देतो. सोणाने ती सवलत घेतली नाही. त्याचे म्हणणे असे की ऐंशी गाड्या सोने आणि हत्तींचा कळप सोडून मी प्रव्रजित झालो, आता लोक म्हणतील की हा वहाणांना चिकटला. भगवंत सर्व संघाला अनुज्ञा देतील तर मीही वापरीन. तेव्हा भगवंतांनी ती अनुज्ञा सर्व भिक्षुसंघाला दिली.

येथे दोन निराळ्या गोष्टी घडल्या. वीणेचा उपदेश हा एका व्यक्तीच्या चित्तासाठी होता. वहाणांचा नियम हा सर्वांच्या पायांसाठी होता. रक्ताळलेल्या पायांवर केवळ ‘मन सम ठेव’ एवढा उपाय तथागतांनी पुरेसा मानला नाही. आणि सोणाने व्यक्तिगत कृपा नाकारून सार्वत्रिक नियम मागितला. विश्रांती ही मेहेरबानी म्हणून घेणे आणि हक्क म्हणून घेणे यांतील भेद इतक्या प्राचीन काळी इतक्या स्वच्छपणे मांडलेला पाहून आम्हांस नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे. विनयात अशी आणखीही उदाहरणे आहेत. वैशालीत मिष्टान्न भोजनाने भिक्षूंची शरीरे बिघडली तेव्हा वैद्य जीवकाने चंक्रमणाची जागा आणि उष्णस्नानगृह यांची शिफारस केली आणि भगवंतांनी दोहोंची अनुज्ञा दिली. वैद्याचा सल्ला संघाचा नियम झाला.

सल्ला न मानण्याचे उदाहरणही परंपरेने जपून ठेवले आहे. धम्मपद अट्ठकथेची पहिलीच कथा चक्षुपाल स्थविरांची. वर्षावासाचे तीन महिने पाठ जमिनीला टेकणार नाही असा त्यांनी निर्धार केला. डोळे दुखू लागले. वैद्याने नाकात घालण्याचे औषध दिले आणि ते आडवे होऊन घ्यावे असे बजावले. स्थविरांनी ते बसूनच घेतले. परिणामी दृष्टी गेली. अट्ठकथाकार त्यांना अर्हत् म्हणून गौरवितात, ही गोष्ट आम्ही लपवून ठेवीत नाही. परंतु संघाने चक्षुपालांचा निर्धार नियम म्हणून कधी स्वीकारला नाही, हेही तितकेच लक्षणीय आहे. उलट आनंदांची कथा पाहा. पहिल्या संगीतीच्या आदल्या रात्री ते बहुतांश रात्र चालत राहिले. अखेर आडवे होण्यासाठी झुकले आणि डोके उशीला टेकण्यापूर्वी मुक्त झाले. खुद्द भगवंतांनी उतारवयात पाठ दुखू लागली असता सारिपुत्ताला, एकदा कपिलवस्तूत आनंदाला, उपदेश पुढे चालविण्यास सांगून उजव्या कुशीवर विश्रांती घेतल्याचे निकायांत नमूद आहे. शास्ता आडवा झाला म्हणून सभा उठली नाही. बोलणारा दुसरा तयार होता.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांच्या अठरा तासांची मीमांसा करताना आपण एक साधा प्रश्न विचारीत नाही: त्यांना अठरा तास का अभ्यास करावा लागला? १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले ती तीन वर्षांसाठी होती. १९१६ साली ते लंडनला पोहोचले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेली रक्कम यांची त्यात भर घातली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथील प्रत्येक दिवसाला पैसे पडत होते. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उघडण्यापासून बंद होईपर्यंत अर्धपोटी बसणारा तो विद्यार्थी तारेला मुद्दाम ताण देत नव्हता. काळ आणि दारिद्र्य यांनी ती ताणली होती. सवर्ण धनिकाच्या मुलाला जे दहा वर्षांत सावकाश करता आले असते ते त्यांना चोरलेल्या वर्षांत करावे लागले. अठरा तास हे त्यांच्या निर्धाराचे माप आहेच. पण ते त्यांच्यावर झालेल्या अन्यायाचेही माप आहे. त्याचा केवळ आदर्श करून ठेवला तर अन्यायाची बाजू नजरेआड होते.

पुढील चरित्र सर्वपरिचित आहे, त्यातील फक्त प्रकृतीचा धागा आपण पाहू. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली. त्या सुमारास मधुमेहाने आणि पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी बाबासाहेबांना रात्री झोप मिळत नव्हती. उपचारांसाठी ते मुंबईस डॉ. माधवराव मालवणकर यांच्याकडे जात आणि तेथेच डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय होऊन १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह झाला. मसुदा समितीचे काम किती जणांवर पडले याचा दाखला टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या ५ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात मिळतो. सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानी कारभारात गुंतले होते, एकदोघे दिल्लीपासून दूर होते. अंती भार डॉ. आंबेडकरांवर आला, असा त्याचा आशय होता. आपल्याकडे हे भाषण बाबासाहेबांच्या गौरवार्थ उद्धृत होते. ते गौरवाचे आहेच. पण एका आजारी माणसावर सात जणांचे ओझे पडले, ही त्यातील दुसरी माहिती आहे.

आणि बाबासाहेबांनी स्वतः काय केले? २५ नोव्हेंबर १९४९ च्या अखेरच्या भाषणात त्यांनी समितीच्या १४१ दिवसांच्या बैठकांचा आणि हजारो दुरुस्त्यांचा हिशेब दिला, आणि श्रेय वाटून टाकले. बी. एन. राव, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी, आणि त्यांच्या हाताखालचे कर्मचारी, जे कधी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबले, यांचा त्यांनी आवर्जून उल्लेख केला. स्वतःच्या जागरणाबद्दल ते बोलले नाहीत. कारकुनांच्या जागरणाची नोंद मात्र त्यांनी संविधान सभेच्या इतिवृत्तात करून ठेवली.

१९५१ साली हिंदू कोड बिलाचा प्रश्न ऐरणीवर असताना १० ऑगस्टला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृतीची आपणांस व डॉक्टरांना काळजी वाटते, सलग उपचारांसाठी वेळ हवा आहे, म्हणून बिल लवकर घ्यावे, असे त्यात होते. बिल रेंगाळले, २७ सप्टेंबरला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यातही ओघाने दिसते ते हे, की उपचार पुढे ढकलला गेला होता तो एका कायद्यासाठी.

१९५४ चा भंडारा पोटनिवडणुकीचा प्रसंग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. सौंदड त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत पराभव झाल्यावर राज्यसभेत गेलेले बाबासाहेब लोकसभेसाठी भंडाऱ्यातून उभे राहिले. वय त्रेसष्ट, शरीर खचलेले, आणि उन्हाळा विदर्भाचा. त्या उन्हात दुपारी गुरेदेखील झाडाखालून हलत नाहीत. काँग्रेसचे भाऊराव बोरकर राखीव जागेवर निवडून आले आणि बाबासाहेबांचा हा दुसरा पराभव झाला. त्यानंतर जून ते ऑक्टोबर १९५४ या काळात ते जवळजवळ अंथरुणाला खिळून होते. दृष्टीही मंदावली होती. पराभवामुळे आजार आला असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या जिल्ह्याने त्यांना मते दिली नाहीत त्याच जिल्ह्यातील हजारो माणसे दोन वर्षांनी पायी, बैलगाडीने आणि आगगाडीने नागपूरला गेली, आणि त्या मधल्या काळात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, भारतीय बौद्ध महासभा उभी केली आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पूर्ण करीत आणला. ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी लेखनकाळात आजाराने आपली अवस्था किती बिकट झाली होती हे सांगून माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांना आपले आयुष्य वाढविल्याचे श्रेय दिले आहे. टंकलेखन नानकचंद रत्तू करीत. ते सरकारी नोकरीतले, दिवसाची कचेरी आटोपून संध्याकाळी २६ अलीपूर रोडला येत. अशा कामसू माणसांची चरित्रे कोणी लिहीत नाही. रत्तूंनी निदान आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, हे आपले भाग्य.

१४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा, १६ ऑक्टोबरला चांदा, नोव्हेंबरमध्ये काठमांडूची परिषद, महिनाअखेर दिल्लीत परत. ५ डिसेंबरच्या रात्री प्रस्तावनेचे कागद टेबलावर होते. ६ डिसेंबरला, नागपूरच्या दीक्षेनंतर अवघ्या त्रेपन्न दिवसांनी, महापरिनिर्वाण झाले. वय पासष्ट.

मागे राहिलेल्या हस्तलिखितांची यादी आपल्या हळहळीचा विषय आहे. प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीचा ग्रंथ, हिंदू धर्मातील कोड्यांचा ग्रंथ, बुद्ध आणि मार्क्सवरील लेखन, ही अपुरी राहून महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतून पुढे प्रसिद्ध झाली. त्या मालेचा पहिला खंड १९७९ साली निघाला. आणखी दहा वर्षे मिळाली असती तर? इतिहासात असे प्रश्न व्यर्थ असतात. पण मसुदा समितीचे इतर सदस्य हजर राहिले असते तर, किंवा १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यास ज्या सुशिक्षितांबद्दल ते खेदाने बोलले त्यांनी थोडे ओझे उचलले असते तर, हा प्रश्न व्यर्थ नाही. तो आपल्याला उद्देशून आहे. बाबासाहेब अतिश्रमाने थकले असतील तर ते त्यांना सम वीर्याची जाणीव नव्हती म्हणून नव्हे. उतारवयात व्हायोलिन शिकू लागलेल्या माणसाला तारेचे मर्म ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? बोलणारा दुसरा तयार नव्हता, हे खरे कारण.

ज्यांना हा निष्कर्ष भावनिक वाटेल त्यांनी बाबासाहेबांचे कायदेविषयक कार्य पाहावे. स्वतःला विश्रांती न देणाऱ्या ह्या पुरुषाने इतरांच्या विश्रांतीसाठी सतत कायदे केले. त्याची पूर्वपीठिका महाराष्ट्रातच आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार करून आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळू लागली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री होते. ‘बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठावर आणले’ असे आपल्या भाषणांतून सरसकट सांगितले जाते. अभ्यासकांनी तपशील अचूक सांगितला पाहिजे. १९३४ च्या कारखाना कायद्यानुसार बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ व दिवसाला १० तासांची मर्यादा होती, हंगामी कारखान्यांत ६० आणि ११ तासांची. १९४६ च्या दुरुस्तीने ती अनुक्रमे ४८ व ९, आणि ५० व १० वर आली. सहा दिवसांचा आठवडा धरला तर ४८ म्हणजे दिवसाचे सरासरी आठ. १९४५ च्या दुरुस्तीने वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. चौदाचा आकडा सोडला म्हणून ह्या कार्याची थोरवी तसूभरही कमी होत नाही. पगारी रजा ही विशेष महत्त्वाची, कारण तीत विश्रांतीची किंमत कामगाराच्या पोटातून वसूल होत नाही. सोणाच्या वहाणा त्या हिवाळ्यात नव्याने संघाला मिळाल्या, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

मात्र त्या वहाणा सौंदडपर्यंत पोहोचल्या नाहीत. कारखाना कायदा छपराखालच्या, यंत्रावरच्या कामगाराला ओळखत होता. ओट्यावर सूप घेऊन बसलेल्या बाईला ओळखत नव्हता. विडी कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा व्हायला १९६६ साल उजाडले. त्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली, पण ती विडी कारखान्याच्या जागेपुरती. घरी विडी वळणारीचे तास कोण मोजणार? तिला मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. मापात न बसलेल्या विड्या बाद होतात, त्यांचे श्रम फुकट. अशा कामात विश्रांती म्हणजे उत्पन्नातील घट. म्हणून स्वयंपाक, पाणी, मुले हे सारे सांभाळून ती पुन्हा सूप मांडीवर घेते, आणि मुलगी शाळेतून आली की तीही पाने कापू लागते. तासाची मर्यादा आणि नगाची मजुरी ह्या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हा श्रमाच्या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे. ‘आपली ताकद जपून वापरा’ हा उपदेश अशा स्त्रीला करणे म्हणजे अनवाणी माणसाला वीणेचा दृष्टांत सांगण्यासारखे होय.

पाश्चात्त्य जगात ह्या विषयाची चर्चा अलीकडची आहे. ‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्रात रूढ झाला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४ च्या निबंधापासून. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ती संज्ञा त्यांनी पगारदार अधिकाऱ्यांकडे पाहून नव्हे, तर न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात निष्ठेने राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून वापरली. दिवसभराची नोकरी करून रात्री तेथे सेवा देणारी ती माणसे वर्षभरात कोरडी, चिडखोर आणि कामाबद्दल उदास होत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ह्या अवस्थेची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या परिस्थितीतून उद्भवणारी घटना म्हणून. २०२१ साली त्या संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. ‘माणूस दुबळा’ असे न म्हणता ‘काम कसे बेतले आहे ते पाहा’ असे म्हणणे, ही दिशा विनयाच्या दिशेपासून फार दूर नाही.

तर मग विहारांनी काय करावे? सविस्तर योजना मांडण्याचा येथे उद्देश नाही, तरी दोन गोष्टी इतिहासाच्या आधारे सांगता येतील. एक, अठरा तासांचा उपक्रम चालू ठेवावा, पण तो एका मुलाच्या अठरा तासांचा न करता विहाराच्या अठरा तासांचा करावा. पुस्तक उघडे राहील, वाचणारे पाळीने बदलतील. सहा-सहा तासांच्या तीन पाळ्या केल्या तर तिप्पट मुले बसतील. बाबासाहेबांजवळ पाळी बदलायला दुसरा माणूस नव्हता, आपल्याजवळ आहे. दुसरी गोष्ट कार्यकर्त्यांची. अध्यक्ष, सचिव, शिक्षक, वक्ता आणि मंडपवाला ही पाच कामे एकच माणूस करीत असेल तर तो त्याचा गौरव न मानता ती विहाराची उणीव मानावी.

वर्षावासाचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्षूंनी एका जागी राहावे हा नियम, पावसाळी फिरण्याने पिके आणि सूक्ष्म जीव तुडवले जातात अशी लोकांची तक्रार आल्यावर झाला. म्हणजे तो शेतकऱ्याच्या सोयीसाठी निघाला, आणि भिक्षूंना त्यातून वर्षाकाठी तीन महिने प्रवासातून विसावा मिळाला. सौंदडच्या परिसरात नेमका ह्याच वेळी रोवणीचा हंगाम येतो. भिक्षू थांबतात तेव्हा बाया चिखलात उतरतात. सकाळपासून कमरेत वाकून पऱ्हे लावतात. आणि आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते तेही ह्याच तीन महिन्यांत, बहुधा रात्रीच्या जेवणानंतर. पुढच्या ओळीत बसलेल्या स्त्रिया पेंगू लागतात. कधी वाचक थांबून त्यांना टोकतो, कधी कोणी हसते. रोवणीचे पंधरा-वीस दिवस वाचन अर्ध्या तासावर आणावे किंवा तेवढे प्रकरण पुढे ढकलावे, याला ग्रंथाची अथवा संघाची काहीच हरकत असू शकत नाही.

पेंगण्याविषयी अंगुत्तर निकायाच्या सत्तकनिपातात एक सुत्त आहे. मगधातील कल्लवाळपुत्त गावी महामोग्गल्लान, भगवंतांचे अग्रश्रावक, बसल्या जागी पेंगत होते. भगवंतांनी त्यांना क्रमाने उपाय सांगितले: मनात चालू असलेली संज्ञा सोडून द्यावी, ऐकलेल्या धम्माचे चिंतन करावे, तो मोठ्याने म्हणावा, कानाच्या पाळ्या ओढाव्या आणि अंग चोळावे, उठून डोळ्यांना पाणी लावावे आणि तारे पाहावे, प्रकाशाची संज्ञा मनात आणावी, चंक्रमण करावे. ह्या सर्वांनी झोप गेली नाही तर, भगवंत म्हणाले, उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, उठण्याची वेळ मनाशी ठरवून झोपावे.